एकशे अठरा कड्यांची चेन

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही, म्हणून माफी आधीच मागून ठेवतो. आमच्या घरात आजवर कुणी कागदावर काही उमटवलं असेल तर ती सही, आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सही तीन अक्षरांत संपते. मी तुळजापूरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जे काही लिहिलं ते परीक्षेपुरतं. त्यातून विषय मोटारसायकलच्या चेनचा, आणि मला मोटारसायकल नीट चालवताही येत नाही. ज्याला येते त्या माझ्या आतेभावाला लिहायचा कंटाळा आहे. जिथं मला कळलं नाही तिथं कळलं नाही असंच लिहीन. अशा जागा पुष्कळ येतील, त्याबद्दलही माफ करावं.

आतेभाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. तो सकाळी पिकअप घेऊन चार गावांचं दूध गोळा करतो आणि अकरा वाजता मोकळा होतो. त्याच्याकडे दोनशे सीसीची एक जुनी स्पोर्ट गाडी आहे, पुढे वाकून बसायची, उंच टाकीची. अणदूरच्या पलीकडे हायवे नवा झाला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक तुकडा तसाच पडून राहिला. त्यावर आता फक्त ज्वारीच्या पेंढ्या वाळतात आणि दादा गाडी उभी करतो. उभी म्हणजे पुढचं चाक हवेत, मागच्या एका चाकावर. सुरुवातीला लोक त्याला शिव्या द्यायचे. मग खंडोबाच्या जत्रेला आलेले पाहुणेच विचारू लागले, "ते गाडी उभं करणारं पोरगं कुठाय?"

पुण्यात असे खेळ करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. कॉलेजांत, मेळाव्यांत त्यांचे शो होतात. त्यांनी दादाचा एक व्हिडिओ बघितला आणि फोन केला. सोमवारी ग्राउंडवर ये, जमलं तर ठेवून घेऊ. पुढे त्यांच्यातल्या मुख्य माणसानं विचारलं, "गिअरिंग काय ठेवणार? मागं किती दात?" दादाला हे ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "भावाला इचारून सांगतो. भाऊ इंजिनिअर हाय."

आणि तो थेट आमच्या घरी आला. मी ओट्यावर पुस्तक तोंडावर घेऊन झोपलो होतो.

"ए इंजिनिअर, ऊठ. मागं किती दात टाकू?"

"कुणाच्या?"

"तुझ्या सासऱ्याच्या! आरं चकतीचे, मागच्या चकतीचे."

चकती म्हणजे स्प्रॉकेट. चेन ज्या दोन दातेरी चाकांवरून फिरते, त्यातलं लहान पुढे इंजिनजवळ असतं आणि मोठं मागच्या चाकाला. दादाच्या गाडीला पुढे चौदा दात, मागे त्रेचाळीस. हे आकडे लोखंडावरच ठोकलेले होते, म्हणून त्यात चूक व्हायला जागा नव्हती. स्टंट करणारे मागची चकती बदलून मोठी घालतात, एवढं दादाला माहीत होतं. का घालतात आणि किती मोठी, ते मी सांगायचं होतं.

मला ठाऊक नाही, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण त्याच्या तोंडावर असा भरवसा होता की मी म्हणालो, "चार दिवस दे."

चार दिवस माझा नुसता गोंधळ उडाला. सगळ्यात आधी सायकल आडवी आली. सायकलीला मोठी चकती पुढे असते, पायडलपाशी. ती मोठी असली की चढावर पाय भरून येतात, हे मी शाळेला जाता-येता शिकलेलो. मग मोठी चकती म्हणजे गाडी जड की हलकी? वहीत मी एकदा हलकी लिहिलं, मग खोडून जड लिहिलं. शेवटी आबा कडबा कुट्टीच्या मशीनपाशी होते, त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मोटारीवर ल्हान चाक हाय, मशिनीवर मोठं," ते म्हणाले. "मोठं सावकाश फिरतं, पर कडबा सोडत न्हाय. दोन्ही सारखी केली तर पेंढी आडकून मोटार जळंल. ह्ये शिकवीत न्हाईत व्हय तुमाला?"

शिकवतात. मी नोट्सही काढल्या होत्या. पण मागची चकती मोठी म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त, हे मला कळलं ते कुट्टीच्या आवाजात. ओढ जास्त म्हणून थोड्या रेसवर पुढचं चाक उचलतं. वेग कमी म्हणून उभी झालेली गाडी माणसाच्या चालीनं चालवता येते. स्टंटवाल्याला हेच हवं असतं.

पण किती? इथून पुढे मला आबांनाही विचारता येईना. मोबाईलवर एकजण हिंदीत सांगायचा, मागे साठ टाका. दुसरा म्हणायचा, साठ म्हणजे काहीच नाही, पासष्ट. तिसरा म्हणायचा, मागची चकती आहे तीच ठेवा, पुढची चौदाऐवजी तेराची करा, काम झालं. चौथ्यानं तिसऱ्याला मूर्ख म्हटलं होतं. त्या चौथ्याचं सगळं इंग्रजीत, आणि त्याच्या गाड्या सहाशे सीसीच्या. मी वहीत रकाने पाडले. पुढचे दात, मागचे दात, भागाकार. पान भरलं. तीन पूर्णांक सात, चार पूर्णांक दोन आठ, चार पूर्णांक सहा. त्यातला कुठला आकडा म्हणजे दादा नीट उभा राहील आणि कुठला म्हणजे उलटा पडेल, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेलो. सर चांगले आहेत. पण ते विचारतील, गाडी कुणाची, कशासाठी, हे कायद्यात बसतं का. आणि मग मला एवढं सोपं येत नाही हेही कळेल. दोन्ही वेळा मी पाणी पिऊन परत आलो.

शेवटी मी छप्पन्न सांगितलं. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चौदा चोक छप्पन्न. त्या पूर्ण पानात हा एकच भागाकार असा होता की ज्याला दशांशचिन्ह नव्हतं. नुसता चार. मला तो स्वच्छ वाटला.

दादानं पुण्याला कळवलं. तिकडून उत्तर आलं की चकती आमच्याकडे पन्नासपासून पासष्टपर्यंत सगळी आहे, इथं आल्यावर बसवू. चेन मात्र ज्याची त्यानं आणायची, मापानं कापून.

त्याच दुपारी आत्या आली. ती पलीकडच्याच गल्लीत राहते. तिच्या हातात शेंगांनी भरलेलं सूप होतं. माझ्यासमोर बसून तिनं चार शेंगा फोडल्या आणि मग विचारलं.

"चाक मोठं केल्यावर पडायचं कमी हुतंय का रे?"

"व्हय, आत्या."

"नक्की?"

"गाडी हलकी उचलती. जोर लावाय लागत न्हाय."

"तू म्हणतूस तर जाऊ दे मग त्याला. माझा काय त्या गाडीवर भरवसा न्हाय. तुझ्यावर हाय."

उचलायला सोपं झालं म्हणजे उलटं पडायलाही सोपं होत असेल, असं मला त्याच वेळी वाटत होतं. मी नुसत्या शेंगा खाल्ल्या.

मग चेनचा हिशोब. मागची चकती मोठी झाली म्हणजे जुनी चेन पुरणार नाही. जुनी तशीही झिजून ढिली पडली होती. गाडी पिकअपमध्ये घालून न्यायची होती, त्यामुळे ती काढून टाकायला हरकत नव्हती. नव्या चेनला किती कड्या लागतील, हे मात्र मी खरोखर समजून काढलं. चेन चकतीला अर्धाच वेढा घालते. तेरा दात वाढले म्हणजे वेढ्यात साडेसहा कड्या वाढल्या. शिवाय चेन आता जरा जास्त तिरकी जाणार, म्हणून वर अर्धी. सात. जुन्या कड्यांत सात मिळवायच्या. याचा मला थोडा अभिमानही वाटला.

जुन्या कड्या मोजायच्या राहिल्या. अंगणात पोत्यावर आम्ही ती चेन अंथरली, डिझेलनं धुतली. मी मोजायला बसलो आणि साठ-सत्तरपर्यंत जाऊन दोनदा चुकलो, कारण दादा शेजारी बसून पुण्याला गेल्यावर काय काय करणार ते सांगत होता. तेवढ्यात आबा आले.

"सरक," ते म्हणाले.

आमच्या घरात मोजणं हे आबांचं काम आहे. आमची मेंढरं आहेत. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी ते उभे राहतात. मेंढरं रेटारेटी करत बाहेर पडतात आणि आबांचे फक्त ओठ हलतात. वीस झाली की एक खडा एका हातातून दुसऱ्या हातात. आजवर त्यांचा एकही आकडा चुकलेला मी पाहिला नाही. त्यांनी चेन हातात घेतली आणि मेंढराची पाठ तपासावी तशी बोटांखालून सरकवत नेली. ओठ हलत होते. पाच खडे झाले.

"पाच ईसा आन् अकरा."

मी लिहिलं, एकशे अकरा. अधिक सात, एकशे अठरा. नवी चेन सोलापुरातून आणली होती, तिच्या खोक्यावर एकशे वीस लिहिलेलं होतं. म्हणजे दोन कड्या काढायच्या. गणित असं सुटसुटीत संपलं की ते बरोबर आहे असं मी धरून चालतो. पुस्तकाच्या मागे उत्तरं असतात त्याची ही सवय असावी.

कडी काढायचं काम नळदुर्गात लेथवाल्या चाचांकडे. ते वयस्कर आहेत. बोलतात अर्धं मराठी, अर्धं दखनी. चष्मा नाकाच्या टोकावर.

"गाडी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"पिकअपमधी चढवून ठिवलीय," दादा म्हणाला.

"आन् चकती?"

"पुण्यात."

"मग माप कशाचं घेतलं? दर्जीबी माणसाला हुभा करून मापतो रे."

"मोजलंय, चाचा. भाऊ इंजिनिअर हाय."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. चकतीवर चेन चढवूनच माप घ्यावं, असं मलाही वाटत होतं. पण शनिवार होता, दादाचे हात शिवशिवत होते आणि मी मान हलवली.

"हौ मग. तू शिकलेला. तू म्हणशील ते."

त्यांनी पिनेचं डोकं ग्राइंडरवर घासलं, पिन ठोकून बाहेर काढली आणि सुटलेल्या दोन कड्या माझ्या तळहातावर ठेवल्या. अजून गरम होत्या. "ले, तेरी फीस," ते हसत म्हणाले. मी त्या कंपासपेटीत ठेवल्या. त्याच दुपारी दादा गेला.

सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना मी जुनी चेन पिशवीत घालून नेली. चाचांना ती हवी होती. तिचा पाना करून ते ऑइल फिल्टर उघडतात.

"कितने कडियों की है?"

"एकशे अकरा."

चाचा हसायला लागले. मला वाटलं दुसऱ्याच कशाला हसतायत.

"एकशे अकरा? लंगडी थी क्या?"

मला कळलं नाही. त्यांनी चेन फरशीवर पसरली आणि बोट ठेवून दाखवलं. एक कडी अरुंद, एक रुंद. अरुंद कडी रुंद कडीच्या पोटात बसते. पुन्हा अरुंद, पुन्हा रुंद. गोल जोडायची तर एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्याला रुंद यायलाच हवी. "हे नवरा-बायकोसारखं असतंय. जोडीनंच जातंय. एकशे अकरा कशी होईल?" आणि त्यांनी जोड्या मोजल्या. छप्पन्न जोड्या. पुन्हा छप्पन्न! हा आकडा माझ्या मागेच लागला होता. छप्पन्न जोड्या म्हणजे एकशे बारा कड्या.

म्हणजे एकशे बारा अधिक सात, एकशे एकोणीस. आणि एकोणीस विषम, म्हणून एकशे वीस. खोक्यातून आली होती ती चेन जशीच्या तशी बरोबर होती. मी ती कापून घेतली होती.

मी कंपासपेटी उघडून त्या दोन कड्यांकडे बघितलं. चाचांचं हसू थांबलं.

"बसली न्हाय तर बरंच," ते म्हणाले. "वढून बसवली तर वाईट."

"काय होईल?"

"गाडी हुभी केली, पुढचं चाक खाली आपटलं, की मागचं चाक वर-खाली होतं. त्याला चेनची थोडी ढील लागते. ढील नसंल तर तुटंल. तुटून कुठं जाईल ते चेनच्या मनावर." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "फोन लाव, बेटा. बोलत कायकू बसला?"

फोन बंद. मेसेज पाठवला, 'चेन लावू नको, आखूड आहे'. एकच टिक. पुन्हा फोन, बंद. त्या ग्रुपच्या माणसाचा नंबर दादाकडेच होता. ज्या पानावर त्यांचे व्हिडिओ असतात तिथं मी लिहिलं की तुमच्याकडे आज येणाऱ्या मुलाची चेन आखूड आहे. खाली कुणीतरी हसण्याची तीन चित्रं टाकली.

मी कॉलेजला गेलो नाही. आबा चुकतात कसे, हेच डोक्यात. घरी गेलो तर आबा मेंढरं घेऊन निघाले होते. ओढ्यापाशी ते भेटले. पाणी पाजून मेंढरं दोन दगडांमधून एकेक पलीकडे जात होती आणि आबा मोजत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. पहिली मेंढी दगडांमधून गेली आणि आबा पुटपुटले, "खंडोबाचं." दुसरी गेली. "येक."

हे मी जन्मल्यापासून ऐकतोय. आमच्यात पहिलं जनावर देवाचं. ते आपलं नव्हे, म्हणून आपल्या मोजणीत येत नाही. लोकर कातरताना, बाजाराला नेताना, कधीही. आबा दोनशे म्हणाले की दोनशे एक असतात, हे घरातल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मी ते विसरलो होतो असंही नाही. लोखंडाची चेन मोजताना आबा असं करतील, हे माझ्या मनात आलं नव्हतं, एवढंच.

"आबा, तुम्ही परवा चेन मोजली, तवा पहिली कडी देवाची काढली व्हती?"

"मग? मोजायचं म्हटल्यावर काढावीच लागती."

"लोखंडाची चेन ती, आबा!"

"पोरगा बसणार हाय न्हवं तिच्यावर?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. नजर मेंढरांवर होती. "मेंढराला काढतो आन् भाच्याला काढू नगं?"

"पर मला सांगायचं तरी."

"तू इचारलं न्हाईस. म्या म्हटलं, शिकल्याल्या माणसाला ठावं आसंल."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. आबांनी चुकीचं मोजलं म्हणावं तर त्यांनी आयुष्यभर मोजलं तसंच मोजलं. मी चुकीचं लिहिलं म्हणावं तर ऐकलं तेच लिहिलं. पण विषम आकडा मीच लिहिला होता, आणि चेनला विषम कड्या नसतात हे मला माहीत असायला हवं होतं. कदाचित शिकवलंही असेल. मी त्या दिवशी वर्गात होतो का, ते आठवत बसलो. त्या आठवण्याचा दादाला काय उपयोग होता, कुणास ठाऊक.

सोमवार संध्याकाळी आत्या दारात. "फोन आला का रे?"

"रेंज नसंल."

"पुण्यात रेंज न्हाय?"

मंगळवारी सकाळी ती पुन्हा आली. मी मागच्या दारानं बाहेर पडलो. कॉलेजात बसलो, पण फळ्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. पुन्हा पुन्हा तोच विचार. त्यांनी बघितलं असेल, ही चेन पुरत नाही, आणि ठेवून दिली असेल. किंवा दादानं म्हटलं असेल, भावानं मोजलीय, ओढा, बसंल. दादा असंच म्हणणार. त्याच्या भरवशाची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मंगळवारी दुपारी परत आलो आणि सरळ आत्याकडे गेलो. ती ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. कड्या, देवाची कडी, चाचांचं बोलणं. मध्येच पाखडायचं थांबेल असं वाटलं होतं. ती थांबली नाही.

"मग आता?" तिनं विचारलं.

"ठाऊक न्हाय."

"आन् चाक मोठं केल्यावर पडायचं कमी हुतं का जास्त, ते तरी ठाऊक व्हतं का?"

"न्हाय, आत्या."

"मग व्हय कशाला म्हणलास?"

सुपातले खडे तिनं एकेक करून बाहेर टाकले. मग म्हणाली, "त्यो बी तसाच. इचारलं की व्हय म्हणतूय. जा, हितं बसून माझ्या तोंडाकडं बगू नगंस." मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाली, "उद्या माझ्याकडनं भाकरी घिऊन जा आबाला. हिरवी मिरची ठेचून देते."

बुधवारी दुपारी मी ती भाकरी घेऊन माळावर गेलो. मेंढरं लिंबाच्या सावलीला एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. आबांनी हात धुतले, फडकं सोडलं आणि मग बंडीच्या खिशातून त्यांचा बटणांचा फोन काढला. चार्जिंग टिकावं म्हणून ते तो दिवसभर बंद ठेवतात, जेवताना तेवढा चालू करतात. चालू झाल्यावर दोन मिनिटंही झाली नसतील, तो वाजला. नंबर अनोळखी होता. आबांना कानाशी धरलेलं ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"मामा! म्या बोलतूय. दोन दिस झालं लावतूय, तुमचा फोन बंदच!"

मी घास ठेवून फोनजवळ सरकलो.

"तुझाच बंद हाय म्हणतंय की ह्ये पोरगं," आबा म्हणाले.

"माझा पडला पिकअपमधनं. टायराखाली गेला. कुणाचाच नंबर पाठ न्हाय, मामा, तुमचा एवढाच पाठ हाय. पयल्यापासनं घरात त्योच एक फोन व्हता न्हवं. इंजिनिअर हाय का तितं?"

"आहे," मी म्हणालो. "दादा, ती चेन…"

"आखूड पडली तुझी चेन." पलीकडे कुठंतरी गाडी रेस होत होती, तो ओरडूनच बोलत होता. "छप्पन्नची चकती लावली. चाक पार पुढं घेतलं. दोघं वढाय लागले तरी टोकाला टोक यीना. मंग त्यांचा मोठा माणूस आला. म्हणला, काढा ती. ही वढून बसवली तर ह्यो पोरगा घरी जायाचा न्हाय. म्हणला, कड्या कुणी मोजल्या?"

"मग?"

"म्या म्हणलं, म्याच मोजल्या."

आबा भाकरीकडे बघत होते.

"मंग त्यानं चोपन्नची चकती काढली," दादा सांगत होता. "बसली की रे! अशी बसली, बोटभर ढील सोडून, मापानं कापल्यासारखी. आता तू सांग, तुझं छप्पन्न बरोबर का त्यांचं चोपन्न?"

"मला ठाऊक नाही, दादा."

"आयला, इंजिनिअर पयल्यांदाच ठाऊक न्हाय म्हणला!" तो हसला. मग त्याचा आवाज जरा उतरला. "तीनदा झ्याक उचलली, मामा. चौथ्यांदा उलटी गेली. कोपर सोलपटलंय, बाकी काय न्हाय. आईला कोपराचं सांगू नका."

"सांगत न्हाय," आबा म्हणाले. "ठिवलं का न्हाय तुला, त्ये सांग."

"ठिवलं. पर दोन महिनं गाडीला शिवायचं न्हाय म्हणले. तवर समद्यांच्या चेनी मोजायच्या आन् कापून द्यायच्या, ह्येच काम दिलंय."